‘च’ कोणाला लावावा?



मागील वर्षी कार्तिकाच्या सुमारास मी दीड महिना ओरगडम येथे मुलाच्या बिऱ्हाडी राहिले. चेन्नई शहराच्या नैर्ऋत्येस, वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा रस्ता आणि श्रीपेरुंबुदूरहून येणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथे हे गाव आहे. पूर्वी भातशेतीचे व तळ्यांचे असलेले हे गाव आता मोटारी, मालट्रक आणि मोटारसायकली बनविणाऱ्या कारखान्यांनी वेढले आहे. पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर येथील अनेक तरुण येथे नोकरीस आहेत. तीन-चार जण मिळून एक घर भाड्याने घेतात, सांबारभात खातात आणि घरच्या भाकरीची आठवण काढतात.

मुलाच्या घरातला एक सोबती फलटणकडचा होता. वारकरी घराण्यातला, मितभाषी, मी पिठले-भाकरी केली की मनापासून जेवणारा. रविवारी माझ्या मुलाबरोबर तोही एका घरगुती प्रार्थनासभेस जात असे. गाणी आवडतात म्हणून जातो, असे म्हणे. एका रविवारी तो तेथून परतला तो अगदी गप्प. रात्री जेवणे झाल्यावर भांडी विसळताना तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काकू, एक विचारू का? रागावणार नाही ना?”

“विचार की,” मी म्हणाले.

“आज ते म्हणाले की, ज्यांनी येशूला स्वीकारले नाही ते सगळे नरकात गेले. सगळे. मग आमच्या आजीचे काय?”

त्याची आई तो चार वर्षांचा असताना वारली. आजीने त्याला वाढविले. गळ्यात तुळशीची माळ, कोणाचे एक पैशाचे देणे नाही, दारी आलेला कोणी उपाशी गेला नाही. बत्तीस वर्षे तिने वारी चालली, आणि त्याच आषाढात, एकादशीनंतर चौथ्या दिवशी, ती गेली. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “ती जर तिथे नसेल, तर मला तुमच्या स्वर्गात यायचे नाही. आणि ती वाचली असेल, तर मग तुम्ही लोक एकच मार्ग आहे असे का म्हणता?”

वाचकहो, मी धर्मशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेली बाई. गेली पंचवीसहून अधिक वर्षे पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत आहे. या प्रश्नावर वर्गात मी निबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. पण त्या रात्री हातातले ताट तसेच धरून मी उभी राहिले. मी त्याला म्हणाले, “मला थोडे दिवस दे.” त्या दिवसांत मी जो विचार केला, तो आपणांपुढे ठेवीत आहे, कारण हा प्रश्न केवळ त्या मुलाचा नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या, सहकाऱ्यांच्या आणि आपल्यापैकी कित्येकांच्या स्वतःच्या आजी-आजोबांविषयीचा तो प्रश्न आहे.

प्रथम हे लक्षात घेऊ या की, हा प्रश्न नवा नाही. फ्रिसियन लोकांचा राजा राडबोड याच्याविषयी जुनी आख्यायिका आहे. आठव्या शतकाच्या आरंभी तो बाप्तिस्म्यासाठी पाण्यात पाऊल टाकणार, तोच त्याने विचारले, “माझे पूर्वज कोठे आहेत?” ते नरकात आहेत असे उत्तर मिळताच त्याने पाऊल मागे घेतले. ज्यांचे शव आज गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर यांनी १५५२ मध्ये लिहिलेल्या पत्रात जपानमधील नवख्रिस्ती लोकांचे असेच दुःख नोंदविले आहे. आपल्या मृत आईबापांस आता काहीच उपाय नाही हे ऐकून ते लोक रडत, आणि त्यांचे अश्रू पाहून झेवियर यांनाही वेदना होत. त्याआधी, १५४५ मध्ये, हेच झेवियर मैलापूर येथे थोमाच्या कबरीपाशी काही महिने प्रार्थनेत राहिले होते. मैलापूर म्हणजे आजच्या चेन्नईचाच भाग. तेव्हा या भूमीला हा प्रश्न अपरिचित नाही.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. दोन्ही सोपी आहेत, आणि दोन्ही मला त्या मुलाला देता आली नाहीत.

पहिले उत्तर असे की, सर्व धर्म एकाच शिखराकडे जाणाऱ्या निरनिराळ्या वाटा आहेत. ज्याला जी जवळ ती त्याने धरावी. हे उत्तर ऐकायला उदार वाटते. आपल्या देशात ते सभ्यतेचे लक्षणच मानले जाते. पण थोडे थांबून पाहा. सर्व वाटा एकाच शिखरावर पोहोचतात हे कोणाला दिसेल? जो स्वतः शिखरावर उभा आहे त्यालाच. म्हणजे नम्रतेच्या वेषात आलेले हे विधान वस्तुतः फार मोठा दावा करते. वाटसरूंना जे माहीत नाही ते मला माहीत आहे, असा तो दावा आहे.

ओरगडमच्या पश्चिमेस तासाभराच्या अंतरावर कांचीपुरम आहे. शैव, वैष्णव, जैन आणि एके काळी बौद्ध अशा सर्वांचे ते नगर. लेस्ली न्यूबिगिन हे पुढे दक्षिण भारत मंडळीचे बिशप झाले आणि १९६५ ते १९७४ पर्यंत मद्रासचे बिशप होते. ते १९४० च्या दशकात कांचीपुरम येथे तरुण मिशनरी म्हणून काम करीत असत. तेथील रामकृष्ण मठात ते आठवड्यातून एकदा जात, संन्याशांबरोबर जमिनीवर बसत आणि एकदा उपनिषद, एकदा शुभवर्तमान असे आळीपाळीने वाचन होई. त्या मठाच्या दालनात थोर धर्मपुरुषांच्या तसबिरी लावलेल्या होत्या. त्यांत येशूचीही होती, आणि नाताळच्या दिवशी तिची पूजाही होत असे. न्यूबिगिन यांनी त्या लोकांवर प्रेम केले, त्यांच्याकडून शिकले. पण त्या तसबिरीने त्यांना समाधान दिले नाही. त्यांच्या ध्यानात आले की, येथे येशूला आदराने जागा दिली आहे खरी, पण ती आधीच बांधून पूर्ण झालेल्या घरातील एका भिंतीवर. घराचा नकाशा त्याच्यामुळे बदललेला नाही. पंतय पिलाताच्या अमलात वधस्तंभावर मेलेला आणि मेलेल्यांतून उठलेला तो प्रभू तसबिरींच्या रांगेत बसविता येत नाही. एक तर तो सर्व काही नव्याने मांडतो, नाही तर त्याने स्वतःविषयी जे म्हटले ते खरे नाही.

आणि दुसरी गोष्ट. हे उत्तर त्या आजीवरही अन्याय करते. ती ‘कोठल्या तरी शिखराकडे’ निघाली नव्हती; ती पंढरपूरला निघाली होती. तिला जाऊन कोणी सांगितले असते की, बाई, तुझा विठ्ठल हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय आहे, तर तिने सांगणाऱ्याकडे कीव करूनच पाहिले असते. ज्यांची श्रद्धा खरी असते त्यांचा ‘एकच’ हा शब्द आपण त्यांच्या तोंडून काढून घेतो आणि त्याला सहिष्णुता म्हणतो.

दुसरे तयार उत्तर त्या रविवारी दिले गेलेच होते. ज्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले नाही ते सर्व नाश पावले, विषय संपला. हे उत्तर देणाऱ्यांना शास्त्राशी एकनिष्ठ राहावयाचे असते, आणि त्यांच्या त्या इच्छेचा मी आदर करते. पण हे उत्तर देणारा मनुष्यही नकळत शिखरावर चढून बसतो. फरक एवढाच की, हे शिखर न्यायासनाचे आहे. अब्राहामाने देवाला विचारले होते की, सर्व पृथ्वीचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय (उत्पत्ती १८:२५). त्या न्यायाधीशाने आपला निवाडा आपणांस आगाऊ कळविलेला नाही. एका माणसाच्या बाबतीतही नाही. आजीच्या बाबतीत तर नाहीच.

मग शास्त्र काय म्हणते? येथे मला माझ्या रोजच्या कामाची मदत झाली.

ओरगडमला जाताना विमानतळाजवळ एक टेकडी लागते, सेंट थॉमस माउंट. प्रेषित थोमा याने येथे इ. स. ७२ मध्ये साक्षीमरण पत्करले अशी येथील ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. या थोमानेच प्रभूला तो प्रश्न विचारला होता. योहानाच्या चौदाव्या अध्यायात शेवटच्या रात्रीचे भोजन झाले आहे, शिष्य भ्यालेले आहेत, प्रभू आपल्या जाण्याविषयी बोलत आहे. तेव्हा थोमा प्रामाणिकपणे म्हणतो की, तू कोठे जातोस हेच आम्हांला ठाऊक नाही, तर मार्ग कसा ठाऊक असणार? या प्रश्नाच्या उत्तरादाखल प्रभूने आपण स्वतः मार्ग, सत्य आणि जीवन असल्याचे सांगितले. म्हणजे ते वचन परधर्मीयांशी चाललेल्या वादात उच्चारलेले नाही. अंधारात वाट चुकण्याची भीती वाटणाऱ्या आपल्याच माणसांना धीर देण्यासाठी ते उच्चारलेले आहे. जे वचन सांत्वनासाठी दिले गेले, ते आपण दगडासारखे फेकू लागलो तर दोष वचनाचा नाही.

आता भाषेकडे पाहू. मूळ ग्रीक वाक्यात ‘मी’ हे सर्वनाम मुद्दाम घातलेले आहे. ग्रीक क्रियापदातच पुरुषाचा बोध होत असल्याने ते घालण्याची गरज नव्हती. हा जोर मराठीत कसा आणावा? आपल्या भाषेत त्यासाठी एक चिमुकले अव्यय आहे: ‘च’. म्हणून आपल्या मराठी बायबलात ‘मीच’ असा शब्द आला, आणि तो अचूक आहे. भाषांतरकार म्हणून मी या ‘च’ पुढे वर्षानुवर्षे थांबले आहे. मराठी माणूस जाणतो की, ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यावर सारा भार येतो. ‘मी पुण्याला जाणार’ आणि ‘मीच पुण्याला जाणार’ यांत फरक आहे. ‘मी पुण्यालाच जाणार’ यात आणखी वेगळा.

तर प्रभूने ‘च’ कोणाला लावला? स्वतःला. ‘मीच.’ ‘माझे अनुयायीच’ असे तो म्हणाला नाही. ‘ख्रिस्ती समाजच’ असेही म्हणाला नाही. आपण मात्र हळूच तो ‘च’ त्याच्यापासून सोडवितो आणि आपल्या मंडळीला, आपल्या पंथाला, आपल्या रविवारच्या उपस्थितिपटाला लावतो. मग जगाला वाटते की, हे लोक स्वतःविषयीच बढाई मारीत आहेत. त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही.

पंडिता रमाबाईंना हा भेद फार मोठी किंमत देऊन कळला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी आपल्या साक्षीत स्पष्ट कबूल केले की, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. तो नंतर सापडला. बाप्तिस्मा झालेल्या, शास्त्र जाणणाऱ्या बाईला धर्म मिळूनही मार्ग मिळालेला नसू शकतो. मग धर्म न मिळालेल्या कोणाला मार्गाने स्वतः येऊन गाठले नसेल, हे आपण छातीठोकपणे कसे सांगणार?

दुसरा शब्द ‘तारण’. हिंदू वाचक पुष्कळदा विचारतात की, तुम्ही सरळ ‘मोक्ष’ का म्हणत नाही? कारण मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ‘तारण’ मध्ये बुडणारा आणि काढणारा अशी दोन माणसे आहेत. गंमत अशी की, व्यवहारात हाच शब्द सावकारी आणि बँकेच्या कागदांवरही असतो. कर्जासाठी दागिना किंवा जमीन ‘तारण’ ठेवतात. ऋणको फेडू शकला नाही तर त्याच्याऐवजी ती वस्तू जाते. शब्दांचे हे दोन अर्थ कोशात वेगळे असतील, पण वधस्तंभाकडे पाहताना मला ते एकत्र आलेले दिसतात. बुडणाऱ्याला काढण्यासाठी तो स्वतः तारण राहिला. आणि तारण राहिलेली वस्तू ज्याच्या कर्जापोटी गेली, त्या ऋणकोला ती कोणाची, कधी ठेवली, हे पूर्ण ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. कर्ज फिटते ते तारणामुळे, ऋणकोच्या माहितीमुळे नव्हे.

ही कल्पना माझी पदरची नाही. शास्त्रानेच आपणांस येथवर आणले आहे. अब्राहाम, मलकीसदेक, ईयोब यांपैकी कोणी ‘येशू’ हे नाव ऐकले नव्हते. तरी आपण मानतो की, त्यांचे तारण झाले ते ख्रिस्ताच्याच रक्ताने, दुसऱ्या कोणत्याही उपायाने नव्हे. तान्ही बालके मरतात. त्यांना आपण देवाच्या हाती सोपवितो. म्हणजे ख्रिस्ताद्वारे तारण होणे आणि ख्रिस्ताला नावानिशी ओळखणे या दोन गोष्टी अगदी एक नाहीत, हे मंडळीने पूर्वीपासून मान्य केले आहे. पूर्वेकडून व पश्चिमेकडून पुष्कळ जण येऊन अब्राहामाच्या पंक्तीस बसतील आणि राज्याचे पुत्र बाहेर राहतील, असे प्रभूने म्हटले (मत्तय ८). न्यायाच्या दिवशीच्या चित्रात तर उजवीकडचे लोक आश्चर्याने विचारतात की, प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले (मत्तय २५).

पण वाचकहो, येथे घाई करू नका. याच शास्त्रात दुसऱ्या कोणामध्ये तारण नाही असेही पेत्राने धर्मसभेपुढे सांगितले आहे (प्रे. कृत्ये ४:१२), आणि ज्याच्याविषयी ऐकलेच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील असे पौलाने विचारले आहे (रोम १०:१४). ही वचने पुसून टाकण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही, कोणालाच नाही. मला या दोन्ही बाजू एकत्र दिसतात त्या कर्नेल्याच्या घरी (प्रे. कृत्ये १०). तो परराष्ट्रीय शताधिपती. त्याच्या प्रार्थना आणि दानधर्म देवापुढे पोहोचले होते, असे देवदूत स्वतः सांगतो. आता कोणी म्हणेल, मग पेत्राला पाठविण्याची गरज काय होती? पण देवाने पेत्राला पाठविलेच. ज्याच्या प्रार्थना ऐकल्या त्याला आपल्या पुत्राचे नावही कळावे, अशी देवाची इच्छा होती. ज्या अंध माणसाला कोणी हात धरून नदीपार नेले, त्याला त्या हाताच्या धन्याचे मुख पाहावेसे वाटणार नाही काय?

या प्रश्नावर आपल्या याच परिसरात मोठा विचारविनिमय झालेला आहे. ओरगडमच्या पूर्वेस तांबरम आहे. तेथे मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात डिसेंबर १९३८ मध्ये आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली होती. हेंड्रिक क्रेमर या डच विद्वानाचा ग्रंथ परिषदेपुढे होता. देवाने ख्रिस्तामध्ये केलेले प्रकटीकरण हे माणसाच्या धर्मशोधाची पुढची पायरी नव्हे, असे त्यांचे आग्रहाचे म्हणणे. त्याच वर्षी मद्रासमधील पी. चेंचय्या, व्ही. चक्करै आदी भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी आपले पुस्तक प्रसिद्ध करून हिंदू वारशाकडे असे पाठ फिरवून पाहण्यास हरकत घेतली. आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तर तुकोबा हा ख्रिस्ताकडे नेणारा पूलच वाटत होता. मला वाटते, क्रेमर यांचे खरे होते ते ख्रिस्ताविषयी, आणि चेंचय्या-टिळकांचे खरे होते ते आपल्या शेजाऱ्यांविषयी.

श्रीपेरुंबुदूर हे ओरगडमच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर. ते रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की, गुरूने गुप्त ठेवण्याच्या अटीवर दिलेला मंत्र त्यांनी गोपुरावर चढून सर्व लोकांना मोठ्याने ऐकविला. या अपराधाने तू नरकात जाशील असे गुरू म्हणाले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, इतके लोक तरत असतील तर मी एकट्याने नरकात जाण्यास तयार आहे. ही कथा वाचून ज्याला रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातील पौलाचे हृदय आठवणार नाही, त्याने पौल नीट वाचलेला नाही. अशा प्रीतीचा उगम अंधारात आहे असे मी म्हणू शकत नाही. सर्व प्रकाश एकाच प्रकाशापासून येतो, असे मी माझ्या विश्वासाला स्मरून म्हणते. शेजारी हे मान्य करणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे. आणि हे मी त्यांच्यापासून लपवून ठेवणेही योग्य नाही.

मतभेद न लपविता प्रेम करता येते काय? तंजावरला जाऊन पाहा. सरफोजीराजे भोसले यांना बालपणी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने वाढविले, शिकविले, संकटात सांभाळले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला, आणि श्वार्ट्झसाठी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून ते चर्चमध्ये बसविले. त्यात मृत्युशय्येवरील मिशनऱ्याजवळ राजा उभा आहे. श्वार्ट्झ यांनी आपला विश्वास सौम्य केला नाही; राजानेही आपला सोडला नाही. तरी दोघांमध्ये पितापुत्राचे नाते राहिले.

मात्र त्या मुलाला उत्तर देण्यासाठी मला शेवटी पुन्हा रमाबाईंकडेच जावे लागले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण हे सर्व १८७४ च्या दुष्काळात, दक्षिणेत तीर्थयात्रेची भटकंती चाललेली असताना, काही महिन्यांच्या अंतराने अन्नावाचून गेले. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. आईबापांपैकी कोणी ख्रिस्ताचे शुभवर्तमान ऐकले नव्हते. पुढे त्याच मुलीने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले आणि १९२२ मध्ये, ते काम संपविताच, देह ठेवला. ख्रिस्तावाचून तारण नाही, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता.

आणि तरीही, वडिलांच्या मृत्यूची हकिकत लिहिताना त्यांनी काय नोंदविले आहे? शेवटच्या क्षणी वडिलांनी त्यांना जवळ घेतले, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असे सांगितले. रमाबाई म्हणतात की, त्या वृद्ध हिंदूची ती प्रार्थना, तो ज्याला ओळखत नव्हता त्या कनवाळू स्वर्गीय पित्याने निश्चित ऐकली. आणि आता त्या आपल्या दिवंगत वडिलांना सांगू शकतात की, होय बाबा, मी त्याची सेवा शेवटपर्यंत करीन. वाचकहो, येथे रमाबाईंनी वडिलांना स्वर्गात बसविले नाही. नरकातही टाकले नाही. ज्या पित्याने प्रार्थना ऐकली, त्याच्या हाती त्यांना राहू दिले. माझ्या मते या विषयावर मराठीत झालेले हे सर्वांत खोल चिंतन आहे, आणि ते एका मुलीने आपल्या बापाविषयी केले आहे.

आठ दिवसांनी मी त्या मुलाला बोलावले. मी म्हणाले, “तुझ्या आजीचे काय झाले हे मला ठाऊक नाही, आणि ज्याने तुला ते ठाऊक असल्यासारखे सांगितले त्यालाही ठाऊक नाही. थोडेच तरतील काय, असे एकाने प्रभूला विचारले होते. प्रभूने संख्या सांगितली नाही, तू आत येण्याची पराकाष्ठा कर असे सांगितले. पेत्राने दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून याचे काय असे विचारले, तेव्हाही त्याला हेच उत्तर मिळाले की, तुला त्याचे काय, तू माझ्यामागे ये. पण एक गोष्ट मी तुला खात्रीने सांगते. तुझी आजी ज्याच्या हाती आहे त्याच्या हातांत खिळ्यांचे व्रण आहेत. त्याचे तिच्यावर तुझ्यापेक्षा कमी प्रेम नाही.”

तो म्हणाला, “म्हणजे सगळे सारखेच, असे तुम्ही म्हणणार नाही.”

“नाही म्हणणार,” मी म्हणाले. “तसे म्हटले तर तुला आज बरे वाटेल. पण मला जे खरे वाटते ते मी तुझ्यापासून लपविले असे होईल. तारणारा एकच आहे असे मी मानते. तो कोणाकोणाला तारतो याची यादी माझ्याजवळ नाही.”

बराच वेळ तो बोलला नाही. मग त्याने मला एक गोष्ट सांगितली. आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया मिशनच्या एका दवाखान्यात झाली होती. तेथील परिचारिकेने तिला एक लहान पुस्तक दिले. आजीला वाचता येत नव्हते. पण देवाचे पुस्तक आहे म्हणून तिने ते देव्हाऱ्याशेजारी ठेवले, आणि वर्षानुवर्षे तेथेच राहू दिले. “कोणी आलेच नाही ना काकू, तिला वाचून दाखवायला,” तो म्हणाला.

वाचकहो, त्याने हे तक्रार म्हणून म्हटले नव्हते. पण त्या वाक्यासरशी सारा प्रश्न उलटला. इतका वेळ आपण विचारीत होतो की, आजीने ख्रिस्ताला का स्वीकारले नाही. त्या देव्हाऱ्याशेजारचे पुस्तक विचारते की, तुम्ही कोठे होता? ज्या खेड्यातून बत्तीस वर्षे पालखी गेली, त्या खेड्यात आपल्यापैकी कोणाला तिच्या ओसरीवर बसून एक अध्याय वाचण्यास वेळ मिळाला नाही. तिच्या निवाड्याविषयी बोलण्यास मात्र मिळाला. न्यायाच्या दिवशी तिला काय विचारले जाईल हे मला माहीत नाही. आपणांस काय विचारले जाईल, याचा अंदाज मला आला आहे.

मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने विचारले, “काकू, आजीसाठी प्रार्थना कराल का?” आमच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत नाही, हे मी त्याला प्रामाणिकपणे सांगितले. पण आम्ही दोघे बसलो, आणि त्या बाईने एका आईवेगळ्या मुलाला वाढविले, उपाशी माणसांना जेवू घातले आणि न वाचता येणारे पुस्तक आदराने जपले, यासाठी मी देवाचे मोठ्याने आभार मानले. शेवटी मी ‘आमेन’ म्हणाले. त्यानेही म्हटले; कोणत्या अर्थाने ते तो जाणे आणि देव जाणे.

वर्षश्राद्धासाठी घरी जाईन तेव्हा ते पुस्तक अजून आहे का पाहीन, असे तो म्हणाला होता. ते त्याला सापडले की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही. तो स्वतः सांगेल तेव्हा ऐकेन.

आपणांस एवढीच विनंती की, तो ‘च’ जेथे प्रभूने लावला तेथेच राहू द्या. तो पुसू नका, आणि उचलून आपल्या नावापुढेही लावू नका. आणि आपल्या गल्लीत, आपल्या गावात, ज्या देव्हाऱ्याशेजारी एखादे न वाचलेले पुस्तक पडून असेल, तेथे जाऊन थोडा वेळ बसा.